विरुद्ध बाजूची चिठ्ठी

बेंगळुरूतल्या आमच्या मराठी मंडळात दर वर्षी एक वादविवाद स्पर्धा होते. मंडळ लहान आहे. जयनगरातल्या एका शाळेचा हॉल आम्हाला रविवारी मिळतो, तिथे साठ-सत्तर माणसं जमतात. निम्मी माझ्यासारखी, पुण्या-मुंबईहून किंवा नागपूरहून कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी आलेली. उरलेली इथली जुनी घरं. त्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे उतरले आणि इथलेच झाले. आमचे अध्यक्ष त्या जुन्यांपैकी आहेत. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्या मराठीत कानडी शब्द इतक्या सहज येतात की मुंबईहून नव्याने आलेल्या मुलांना वाटतं, हे शब्द अण्णांनी स्वतःच बनवलेत.

त्या वर्षी तरुण मंडळींनी विषय निवडला, ‘शिक्षण आणि नोकरीतलं आरक्षण आजही हवं का?’ अण्णा विषय ऐकून घुटमळले. “भांडण नको हो मंडळात. स्वल्प सांभाळून,” ते म्हणाले. मग त्यांनीच तोड काढली. कुणी कोणत्या बाजूने बोलायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. म्हणजे कुणाचं बोलणं कुणी मनाला लावून घ्यायचं नाही. चहाच्या डब्याच्या झाकणात चार चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि आम्ही चार बोलणाऱ्यांनी एकेक उचलली.

मला ‘बाजूने’ आली. मी मोठ्यानं हसले. बाकी दोघांनाही हसू आलं, कारण या विषयावर माझी मतं काय आहेत हे त्यांना चहाच्या टेबलावर पुष्कळदा ऐकायला मिळालं होतं. चौथी चिठ्ठी आमचं माइकचं काम बघणाऱ्याला आली. हा मूळचा नागपूरचा, माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, कुठल्याशा मोठ्या कंपनीत नोकरीला. बोलायचा कमी. कार्यक्रमाआधी येऊन वायरी जोडायचा आणि संपल्यावर सगळं गुंडाळून जायचा. त्याचं आडनाव गावावरून पडलेलं होतं, त्यामुळे आडनावावरून पुढचं काही ओळखायची जी सवय आपल्या लोकांना असते, तिला तिथे काही हाती लागत नसे. त्यानं चिठ्ठी उघडली, वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. ‘विरुद्ध’ होती.

माझ्या मतांविषयी सांगायला हवं. माझ्या भावाला डॉक्टर व्हायचं होतं. त्याची जागा थोडक्यात हुकली. पुण्यातल्या आमच्या घरात त्यानंतर कित्येक वर्षं पाहुणा आला की वडील ती यादी तोंडपाठ सांगायचे. भावाला किती मार्क होते, किती मार्कांना कुणाला जागा मिळाली. सांगताना त्यांचा आवाज चढायचा आणि शेवटी ‘ते लोक’ असे दोन शब्द यायचे. भाऊ पुढे दुसरंच काही शिकला, परदेशात गेला, उत्तम स्थिरावला. पण घरातली ती यादी काही संपली नाही. मी ती ऐकत मोठी झाले.

त्यामुळे तयारीला बसले तेव्हा माझी पंचाईत झाली. माहिती मिळत होती, मुद्दे मिळत होते, पण आरशासमोर उभी राहून बोलायला लागले की दुसऱ्या कुणाची तरी साडी नेसल्यासारखं वाटायचं. आठवडाभर अशी धडपड केल्यावर एका संध्याकाळी त्याचा मेसेज आला. “ताई, तयारी कशी चाललीय? तुमच्या बाजूचं मला बरंच माहीत आहे. हवं असेल तर रविवारी घरी या. आई आलीय नागपूरहून.” मला वाटलं, माझे मुद्दे त्याला देऊन त्याचे मी घ्यायचे, असं काहीतरी त्याच्या मनात असेल. ते माझ्या सोयीचंच होतं.

जयनगरहून यशवंतपूरला मेट्रो सरळ जाते. त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. त्यानं दार उघडलं तेव्हा ओठांवर बोट ठेवलं होतं. आत सोफ्याच्या कडेला त्याची आई बसली होती. बारकीशी बाई, सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा. टीव्हीवर मराठी बातम्या लागल्या होत्या. तिची नजर टीव्हीवर होती आणि मांडीवरच्या वहीत पेन्सिल चालली होती. वहीकडे ती बघतही नव्हती. मला बघून तिनं डावा हात जरासा वर केला.

“थांबा जी, एवढी बातमी होऊ द्या.”

बातमी संपली तेव्हा तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि नीट नमस्कार केला. मी वहीत डोकावले. पानभर जाड-बारीक रेघा, आकडे, ठिपके. मुंग्यांची रांग वाऱ्यानं विस्कटावी तसं काहीतरी.

“शॉर्टहँड,” तो म्हणाला. “आई स्टेनो होती. सरकारी ऑफिसात. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण रोज बातम्या उतरवल्याशिवाय जेवत नाही.”

“हात गंजतो,” काकू म्हणाल्या. मग त्यांनी वही डोळ्यांपाशी धरली आणि आत्ताची बातमी पहिल्या शब्दापासून वाचून दाखवली. निवेदिकेनं एका गावाचं नाव आधी चुकीचं घेऊन मग सुधारलं होतं. ते चुकलेलं नावही त्यात होतं, आणि तिचं ‘माफ करा’ही. आमच्या ऑफिसात मीटिंगचं बोलणं टिपून घ्यायला एक महागडं सॉफ्टवेअर आहे, ते माझं नावसुद्धा धड लिहीत नाही.

बायको मुलीला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेली होती, म्हणून चहा त्यानंच केला. चहा झाल्यावर तो समोर बसला आणि आढेवेढे न घेता म्हणाला, “ताई, एक सांगून टाकतो. मी राखीव जागेतून इंजिनियर झालो. आई राखीव जागेवर नोकरीला लागली. मंडळात कुणाला माहीत नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.”

गेल्या तीन-चार वर्षांत चहाच्या टेबलावर मी काय काय बोलले होते ते सगळं मला एका क्षणात आठवलं. त्यातलं बरंचसं मी बोलत असताना तो शेजारीच दोन हातांवर वायर गुंडाळत असायचा.

“मग तुम्ही चिठ्ठी बदलून का नाही घेतली? मी दिली असती ना,” मी म्हणाले.

“काहून बदलायची?” काकूच मध्ये बोलल्या. “आली ते आली. सायबानं जे डिक्टेशन दिलं ते घ्याचं. मजकूर आवडला नाही म्हणून स्टेनो उठून जाते का?”

आणि मग त्यांनी त्यांच्या नोकरीची गोष्ट सांगितली. मी विचारलं म्हणून सांगितली. त्यांचे वडील कापड गिरणीत होते. घरात शिकलेलं कुणी नव्हतं. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी टायपिंग आणि शॉर्टहँडचा क्लास लावला. सराव करायला कुणी वाचून दाखवणारं नव्हतं. शेजारच्या घरात रेडिओ होता. सकाळच्या बातम्यांच्या वेळी त्या शेजाऱ्यांच्या खिडकीबाहेर उभ्या राहायच्या आणि भिंतीला वही टेकवून बातम्या उतरवायच्या. घरातली बाई आधी खिडकी लावून घ्यायची. मग एके दिवशी तिनं खिडकी उघडीच ठेवली, आणि पुढे पुढे आवाज जरा वाढवायला लागली. “तिचं तोंड मी दोन वर्षांत नीट पाहिलं नाही,” काकू म्हणाल्या. “बोललीही नाही कधी. पण आवाज वाढवायची.”

परीक्षा पास झाल्या. राखीव जागेवर नोकरी लागली. ऑफिसात त्यांना महिनाभर कुणी काम दिलं नाही. टाइपरायटर होता, पण त्याच्यावर झाकण. मग साहेबांचा नेहमीचा स्टेनो रजेवर गेला आणि एका बैठकीला नाइलाजानं यांना बोलावलं गेलं. साहेब मुद्दाम भरभर बोलत होते. मध्येच शेजारच्या अधिकाऱ्याकडे वळून ते म्हणाले, “हिला काय जमणार? जागा भरायची होती, भरली.” तो अधिकारी हसला. साहेब पुन्हा मजकुराकडे वळले. बैठक संपल्यावर म्हणाले, “वाचा बघू काय लिहिलंत.”

“मी वाचलं,” काकू म्हणाल्या.

“सगळं?”

“बैठकीत बोललेलं लिहून घ्या असं सांगितलं होतं. तेही बैठकीतच बोलले होते. मजकूर वाचता वाचता ते वाक्य आलं. ‘हिला काय जमणार, जागा भरायची होती, भरली.’ तेही त्याच आवाजात वाचलं. मग पुढचा मजकूर वाचला.”

“आणि साहेब?”

“सायबानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, एवढं वगळा. मी म्हटलं, जी सायेब. त्यावर रेघ मारली.” त्या हसल्या. “त्यानंतर मलाच बोलवायचे. मन बदललं बिदललं काही नाही बरं का बाई. वर तपासणी होती त्यांच्या कामाची, त्यांना मजकूर बिनचूक पाहिजे होता.”

मी चहाचा रिकामा कप हातात धरून बसले होते. त्या वयात त्या जागी मी असते तर रडले असते, नाहीतर ते वाक्य गाळून टाकलं असतं. रडायचं नाही आणि गाळायचंही नाही, असा तिसरा काही मार्ग असतो हे मला सुचलंच नसतं.

पण खरा धक्का पुढे होता. त्याचं भाषण लिहून झालं होतं आणि काकूंना ते पसंत नव्हतं.

“लेचंपेचं लिहिलंय यानं,” त्या म्हणाल्या. “विरुद्ध बाजू अशी मांडली की कुणीही दोन मिनिटांत पाडेल. ही तर लबाडी झाली. त्या बाजूचा माणूस ऐकत बसला असेल तर त्याला वाटलं पाहिजे, अरे, हे तर मलाही इतकं चांगलं सांगता आलं नसतं.”

“आई, मला जमत नाही ते,” तो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा जरा चढला. “मी हे जन्मभर ऐकून राहिलो.”

“म्हणूनच तुला जमेल. तुझ्याइतकं कुणी ऐकलं आहे?”

तो उठून गॅलरीत गेला. खाली यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत होते. थोड्या वेळानं परत आला, कागद पुढे ओढला आणि दोघं माझ्यादेखत कामाला बसले. ज्या व्यवस्थेमुळे ती दोघं उभी राहिली तिच्याविरुद्धचा एकेक मुद्दा शोधून शोधून त्यांनी घासला, धार लावली. एका मुद्द्यावर तो अडला. शिकून वर आलेल्या घरातली पोरंच पुन्हा पुन्हा जागा घेतात, हा तो मुद्दा. “हा नको,” तो म्हणाला. काकू म्हणाल्या, “हाच घे. सगळ्यांत खरा आहे. आपल्याला टोचतो म्हणजे खराच असला पाहिजे.”

निघताना त्यांनी मला सहज विचारलं, “बाई, तू इंजिनियर झाली तेव्हा मुलींसाठी जागा राखून ठेवत होते ना? तू कोणत्या यादीत होतीस?”

“मी मेरिटनं,” मी म्हणाले. आणि म्हणता म्हणताच मला कॉलेजचा नोटीसबोर्ड दिसला. वडील बोट फिरवत नावं वाचत होते. पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. मग ते शेजारच्या लहान यादीपाशी गेले. तिच्यावर ‘महिला’ लिहिलं होतं. तिथे मी होते. आम्ही पेढे घेऊन घरी गेलो. आमच्या घरात भावाची यादी रोज वाचली जायची. माझी यादी पेढ्यांबरोबरच संपली. मी ती लपवली होती असंही नाही. ती मोजायची असते हेच कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं.

काकूंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विषय बदलला. “डबा देते, भाजी घेऊन जा,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी भावाला फोन केला. त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “ते वेगळं.”

“कसं वेगळं?”

“मुलींना घरात कामं असायची. क्लासला पाठवायचे नाहीत लांब. कुणी सांगायचं नाही की तू इंजिनियर हो. सुरुवातच मागून...” तो बोलता बोलता थांबला. मग म्हणाला, “चल, माझी मीटिंग आहे.” त्यानं फोन ठेवला, पण रागानं नाही. वडील असते तर त्यांना मी हे विचारू शकले असते की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही.

स्पर्धेच्या दिवशी हॉल नेहमीपेक्षा भरला होता. काकू पहिल्या रांगेत कडेला बसल्या. मांडीवर वही, हातात टोक काढलेली पेन्सिल, पिशवीत आणखी दोन. परीक्षक म्हणून एक निवृत्त प्राध्यापिका आणि स्वतः अण्णा. आधी दुसरे दोघं बोलले. मग मी.

मी फार चांगली बोलले नाही, हे आधीच सांगते. माझ्या कंपनीतल्या भरतीचं सांगितलं. ओळखीतून माणसं सुचवायची आमच्याकडे पद्धत आहे. मी आजवर तीन जणांना सुचवलं. तिघंही माझ्याच कॉलेजचे, माझ्यासारख्याच घरातले. तिघंही हुशार आहेत. पण त्यांच्याइतक्याच हुशार ज्या मुलांना माझ्यासारखी ताई ओळखत नाही, त्यांचं काय, हे मी कधी विचारलं नाही. ही पण एक राखीव जागाच, फक्त तिच्यावर पाटी नाही. मग मी माझी यादी सांगितली, ‘महिला’ लिहिलेली. ते बोलताना माझी जीभ अडखळली. हॉलमध्ये बसलेल्या माझ्या वयाच्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलेलं मला दिसलं.

मग तो उठला. माइक त्यानं स्वतःच लावलेला, त्याची उंची स्वतःच नीट केली. आणि बोलायला लागला.

इतकी वर्षं ज्याचं ‘हॅलो, हॅलो, टेस्टिंग’ एवढंच ऐकलं होतं तो माणूस असा बोलेल याची कुणाला कल्पना नव्हती. त्यानं आवाज चढवला नाही. तो म्हणाला, एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्यानं दोन वर्षं खेळ सोडला, सिनेमा सोडला. चार मार्कांनी त्याचं स्वप्न गेलं. त्यानं कुणाचं काय वाईट केलं होतं? पणजोबांच्या पापाचं उत्तर त्या पोरानं का द्यायचं? आमच्या पुण्याच्या घरात हे हजार वेळा बोललं गेलं होतं, पण दर वेळी त्यात कुणाला तरी शिवी असायची. त्याच्या तोंडी त्यात नुसतं त्या मुलाचं दुःख होतं. माझ्या भावासाठी माझ्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी आलं, आणि ते याच्या बोलण्यानं यावं!

मग म्हणाला, राखीव जागेवर आलेल्या एखाद्या मुलीचा विचार करा. तिनं आपलं काम कितीही चोख केलं तरी तिच्या मागे लोक एकच शब्द बोलणार, कोट्यातली. तिची खरी कमाई कायमची संशयात. हा अन्याय तिच्यावर कशामुळे झाला?

मी काकूंकडे पाहिलं. त्यांची पेन्सिल चालली होती. गती कमी नाही, जास्त नाही.

शेवटी म्हणाला, समजा एक माणूस आहे. बेंगळुरूत त्याचा फ्लॅट आहे, गाडी आहे. मुलगी इंग्रजी शाळेत जाते, पोहायला शिकते. गावाकडे विटा वाहणाऱ्या बाईची मुलगी आणि ही मुलगी एकाच रांगेत उभ्या केल्या तर पुढे कोण जाईल? ज्या मुलीसाठी हा दरवाजा केला तिच्याआधी ही आत शिरते. त्या माणसाला मी विचारतो, तुला झोप लागते का?

इथे तो थांबला. सभागृहात तिघांनाच माहीत होतं की तो कुणाला विचारत होता. टाळ्या पडल्या त्या थांबेनात. माझ्यामागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “वा! आपल्या माणसांचं कुणीतरी बोललं एकदाचं.”

पहिलं बक्षीस अर्थातच त्याला मिळालं. छोटासा पितळी चषक. अण्णांनी तो हातात दिला आणि खुशीत येऊन माइकवर विचारलं, “चिठ्ठीतलं झालं. आता मोकळेपणानं सांगा, तुमचं स्वतःचं मत काय? सरी? चालेल ना?”

त्यानं चषक टेबलावर ठेवला. मग म्हणाला, “मी राखीव जागेतून शिकलो, अण्णा. माझी आई राखीव जागेवर नोकरीला लागली. त्या पहिल्या रांगेत बसल्यात त्या. आरक्षण हवं असं माझं मत आहे. आणि मी आत्ता जे बोललो त्यातलं एक वाक्यही रचलेलं नाही. प्रत्येक वाक्य मला कुणीतरी ऐकवलेलं आहे. शेवटचं सोडून. ते मी स्वतःला ऐकवतो.”

आधी प्राध्यापिकाबाईंनी टाळी वाजवली, मग इकडून तिकडून थोड्या. ‘वा!’ म्हणालेले मागच्या रांगेतले गृहस्थ फोनमध्ये बघत राहिले. एकजण “ही फसवणूक आहे” असं म्हणत उठला. अण्णा माइकवरूनच म्हणाले, “फसवणूक कसली हो? चिठ्ठी मी काढायला लावली.” आणि सगळ्यांना उपीट खायला बोलावलं.

उपीट खाताना मी काकूंना म्हटलं, “किती मोठं काम केलं त्यानं.”

काकू तितक्या खूश नव्हत्या. “सांगायचंच होतं तर निकालाआधी सांगायचं होतं,” त्या म्हणाल्या. “मग पाहिलं असतं, चषक कुणाला देतात.” आणि डोळे मिचकावून त्यांनी उपिटाचा घास घेतला.

मी त्यांना माझं भाषण वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी पानं उलटली आणि वाचलं. माझे सगळे ‘म्हणजे’ त्यात होते, माझं अडखळणं होतं. मग एक पान उलटून त्या त्याच संथ आवाजात म्हणाल्या, “‘हा आपल्यातलाच दिसतो.’ ‘आडनाव काय म्हणालात?’ ‘वा! आपल्या माणसांचं कुणीतरी बोललं एकदाचं.’”

“काकू, हेही लिहिलंत?”

“ऐकू आलं तर लिहिल्या जातं,” त्या म्हणाल्या.

तेवढ्यात अण्णा कॉफी घेऊन आले. स्वतःच्या हातानं. “घ्या अक्का,” म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. “आमच्या नातवाकडे पण मागास वर्गाचं सर्टिफिकेट आहे हो,” ते हळूच म्हणाले. “इथं आमच्या जातीला मिळतं ते. इंजिनियरिंगला त्यावरच गेला. आम्ही बोलत नाही, एवढंच.”

“बोलत जा की,” काकू म्हणाल्या.

मंडळात त्यानंतर फार मोठं काही घडलं नाही. दोन कुटुंबं यायची बंद झाली. त्यातलं एक दिवाळीला परत आलं. काही माणसं त्याच्याशी एकदम फार गोड बोलायला लागली. त्याचा त्याला जास्त त्रास होतो असं तो म्हणाला. माइकचं काम त्यानं सोडलं नाही. चहाच्या टेबलावर मी गप्प असते असं नाही, पण बोलण्याआधी कोण ऐकतंय ते बघते, आणि मग ऐकायला इथे कोण नाहीये तेही बघते.

काकू नागपूरला परत निघाल्या तेव्हा मी त्यांना पोचवायला यशवंतपूर स्टेशनवर गेले. दुपारची गाडी होती. तो पाण्याची बाटली आणायला गेला तेवढ्यात मी त्यांना विचारलं, इतके दिवस विचारीन विचारीन म्हणत होते ते. “काकू, इतकी वर्षं हे असलं सगळं स्वतःच्या हातानं लिहून घेतलंत. राग नाही आला?”

“आला तर,” त्या म्हणाल्या. “रोज आला. पण रागात हात थांबला की वाक्य सुटते बाई. मग समोरच्यानं काय म्हटलं ते राहते बाजूला, आणि आपल्याला काय वाटलं तेवढंच उरते.”

मला आणखी विचारायचं होतं, पण गाडीनं शिट्टी दिली. खिडकीतून त्यांनी हात हलवला. समोरच्या बाकावरची बाई त्यांना काहीतरी विचारत होती आणि त्या तिच्याकडे वळून लक्ष देऊन ऐकत होत्या, तसंच, एकही शब्द पडू न देता. तो डब्याबरोबर चार पावलं चालला आणि थांबला.

मी मेट्रोत येऊन बसले. डोक्यात त्यांचं ते वाक्य फिरत होतं. ते मला नीट आठवतंय का, की मी त्यात माझं काही घातलंय, हे तपासून बघत होते. पीण्या स्टेशन आलं तेव्हा लक्षात आलं की मी उलट्या दिशेच्या गाडीत बसले आहे. उतरले, जिना चढले, पलीकडच्या फलाटावर गेले आणि जयनगरच्या गाडीची वाट बघत उभी राहिले.